दस्ती, चार पिना आणि माझे तीस किलोमीटर

गेल्या रविवारी सकाळी विष्णुपुरीजवळच्या उतारावर बायकोनं माझं सगळं सायन्स चार पिनांत गुंडाळलं. आज थोडी फुशारकी ऐकून घ्या राव...

दोन वर्षांपासून एकच खूळ, तासाभरात तीस किलोमीटर सायकल. दर वेळी एक-दोन मिनिटांनी हुकायचं. वय एक्कावन्न, पाय काय आता वाढणार नाहीत... मग वाचलं, की सपाट रस्त्यावर आपली बरीच ताकद हवा कापण्यातच जाते.

मोजायचं कसं? नांदेडात कुठलं आलंय विंड टनेल... म्हणून हा उतार. एकाच दगडापासून सायकल सोडायची, पायडल मारायचं नाही, थांबेल तिथं खडूची रेघ. रेघ जेवढी पुढं, तेवढी हवा कमी आडवी आली. रेघा मारायला बायको. ती शाळेत शिकवते, खडूही तिच्याच पर्समधला.

कोपरं आत घेतली, मान खाली घातली, हँडलसुद्धा खाली सरकवलं. सहा वेळा आलो, सगळ्या रेघा वीतभर अंतरात. माझी जाम चिडचिड झाली.

ती शांतपणे म्हणाली, "अहो, गळ्यातल्या दस्तीचं काय करून राहिलात? मागं नुसती फडफडून राहिली. अन् शर्टात तर अजून एक माणूस मावंल."

आपल्याकडं घराबाहेर पाऊल टाकलं की दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, गळ्यात येतेच. ती अंगावर आहे हेच मी विसरलो होतो... तिनं दस्ती सोडून घेतली, बांगडीतल्या चार सेफ्टी पिना काढल्या आणि पाठीवरचा शर्ट चापून टाचला.

सातव्या वेळी सायकल सगळ्या रेघा ओलांडून गेली. बायको शेवटच्या रेघेपासून पावलं मोजत आली... अठरा. मी भर रस्त्यात नाचलो, लाजबिज काही वाटली नाही.

काल त्याच शर्टात लोह्याकडं निघालो. तीस किलोमीटर, अठ्ठावन्न मिनिटं... लिहितानाही छाती फुगून राहिली आहे.

तिसाव्या किलोमीटरला ती गाडी लावून उभी होती. "घ्या, आता घाला गळ्यात," म्हणत दस्ती पुढं केली. मी त्या दस्तीतच तोंड खुपसलं, घाम पुसायचं निमित्त करून.

दोन वर्षं मी पायांना बोल लावत होतो. काय अडवतंय ते मागून बघणारीलाच दिसलं, हे माझं नशीब.

आज तिनं चारही पिना परत मागितल्या. मी तीनच दिल्या.