दंडाला दंड म्हणणारी आत्या

फसवं नाव दिसलं की आत्या खुर्चीवरून उठायची. ती उठली की ते काम तिथेच थांबायचं, मग पुढे कोणीही बसलेलं असो.

देवासला टेकरीच्या पायथ्याशी आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. ग्राहकाच्या खात्यातून कोणतं शुल्क कापलं गेलं, हे एका बँकेच्या मोबाईल ॲपला कळवणारा एपीआय, म्हणजे मधला दुवा, आम्ही बांधत होतो. प्रत्येक शुल्काला एक रकाना, प्रत्येक रकान्याला एक नाव. आणि तेच नाव शेवटी ग्राहकाच्या फोनवर दिसायचं. ही नावं ठेवायचं काम तिचं, म्हणून बारशातली आत्या. हिंदी बोलणारे सहकारीसुद्धा तिला ‘आत्याजी’ म्हणत.

मी धारहून नवी आले होते. एका रकान्याला मी ‘चार्ज टू’ नाव देऊन टाकलं. आत्या उठली.

“अगं, दुसरी मुलगी झाली म्हणून तिचं नाव ‘दुसरी’ ठेवतात का? कशाचं शुल्क, कधी कापतात, कर धरून की सोडून, हे नावातच कळायला हवं.”

“लंबा हो जाएगा, आत्या,” मी म्हणाले.

“होऊ दे. माझं सासरचं नाव केवढं लांब आहे बघ. कोणी तक्रार केली?”

हा हट्ट उगाच नव्हता. मी येण्याआधी एका कामात महिन्याच्या आणि दर व्यवहाराच्या अशा दोन्ही शुल्कांना ‘सर्व्हिस फी’ म्हटलं गेलं होतं. ॲपवाल्यांनी महिन्याचं शुल्क दर व्यवहाराला कापलं. लोक बँकेत भांडायला आले आणि साहेबांनी काउंटरवरच्या नव्या मुलीला पुढे केलं. हे सांगताना आत्याचा आवाज चढायचा. “नाव आपण बिघडवायचं आणि शिव्या तिने खायच्या?”

खात्यात ठरलेली शिल्लक नसली की बँक जो दंड कापायची, त्याला आत्याने ‘लो बॅलन्स पेनल्टी’ म्हटलं होतं. व्हिडिओ कॉलवर बँकेचे अधिकारी म्हणाले, “मॅडम, पेनल्टी सुनने में अच्छा नहीं लगता. ‘अकाउंट केअर’ कर दीजिए.”

“साहब, जिसका कटता है उसे भी अच्छा नहीं लगता.”

आमच्या मालकांना सगळे भिया म्हणत. त्यांनी घाईघाईने माईक बंद केला. “अरे आत्या, नाम ही तो है. रख दो ना.”

“भिया, त्यांना दंड घ्यायचाय तर घेऊ देत. पण दंडाला काळजी म्हणायचं काम माझ्या हातून होणार नाही.” आणि तिने स्वतःच माईक परत चालू केला. “साहब, बदल देते हैं. बस एक मेल कर दीजिए, कि पेनल्टी का नाम केअर रखने को आपने कहा है.”

पलीकडून “देखते हैं” एवढंच ऐकू आलं. भियांनी आठवण करून दिली, पुन्हा करून दिली. मेल काही आला नाही. शेवटी ॲपवर गेलं ते आत्याने ठेवलेलंच नाव.

पण पुढचं काम देताना बँकेने अट घातली, त्या मॅडम नकोत. भियांना वाईट वाटलं असावं; त्यांनी तिला दुसऱ्या टीममध्ये बसायला सांगितलं, पगारही तोच ठेवला. “पगार तोच, फक्त तोंड बंद, असंच ना?” म्हणून तिने राजीनामा दिला आणि इंदूरला दुसरी नोकरी धरली. तिला बसमध्ये बसवताना मला रडू आलं, तर माझ्यावरच खेकसली, “रडतेस काय? आता भांडायला तू आहेस ना तिथे?”

आहे. माझ्याही अंगाला ती सवय लागली आहे, आणि भिया आताशा मला कॉलवर घ्यायला जरा बिचकतात.

अलीकडे धारला माझ्या आईच्या फोनवर त्याच बँकेचा संदेश आला: ‘लो बॅलन्स पेनल्टी’. आईचं इंग्रजी बेताचंच, पण पेनल्टी म्हणजे दंड हे तिला पक्कं ठाऊक. “मी काय गुन्हा केला?” म्हणत ती थेट शाखेत गेली. पेन्शनच्या खात्याला हा दंड लागत नाही, असं तिने सुनावलं. उद्या या म्हणाले, तर ती तिथेच बाकावर बसून राहिली. दुपारी पैसे परत जमा झाले.

मी आनंदाने आत्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“माफी मागितली का त्यांनी?”

“नाही.”

“मग आईंना म्हणावं, उद्या परत जा.”