एका हाकेला दोन ओ

माझ्या काकूच्या हाका दोन प्रकारच्या. मोठ्या पोराला ती दगड भिरकावल्यासारखी हाक मारते, "सुदर्शन!" आणि विषय संपला. धाकट्याची हाक मात्र ती सोडते, विहिरीत दोर सोडावा तशी, लांबवत लांबवत, "केदाऽऽऽर!" दिवसातून चाळीस वेळा तरी. मला दोन्ही हाका हुबेहूब जमतात, त्यामुळं पुढं जे घडलं त्याचा पहिला आळ माझ्यावरच आला.

काकूचं नाव सुकन्या. माहेर धर्माबाद, सासर अर्धापूरजवळ केळीच्या बागेत. शेतातल्या घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात, आम्ही सगळे तिथंच राहतो. आज्जी तुळजाबाई, माझे आईबाप, मी ऋतुजा, आणि भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत काकू आणि तिची दोन पोरं. बजरंग काका केळीच्या गाड्यांबरोबर उत्तरेकडं जातो आणि महिन्यातले वीस दिवस फोनमध्ये राहतो. "हालोऽ! जेवले का पोरं? हालोऽ!" मागं हॉर्न. एवढाच बाप. बाकी सगळी काकू.

बाकी सगळी म्हणजे एका हातानं केदारच्या शर्टाच्या गुंड्या, दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकर आणि तोंडानं सुदर्शनचा सोळाचा पाढा. सुदर्शनचा पहिला दात पडला तेव्हा तो रडला नाही, हीच रडली. केदारनं पहिल्यांदा आपल्या हातानं चड्डीचा हूक लावला तेव्हा तिनं माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि काकाला पाठवला. काकाचं उत्तर आलं, "गाडी पंक्चर हाय."

दर वाढदिवसाला काकू पोराला दाराच्या चौकटीला टेकवून उभं करते, डोक्यावर पट्टी ठेवते आणि काजळानं रेघ ओढते. केदारचा वाढदिवस एप्रिलमध्ये. यंदा त्याला सहावं संपलं. रेघ ओढली, गूळ-शेंगदाण्याचा लाडू झाला, काका फोनमधून "हॅपी बड्डेऽ हालोऽ" ओरडला, पोरं झोपली.

सकाळी चौकटीवर एक रेघ जास्त होती. सुदर्शनच्या रेघेच्या चार बोटं खाली, केदारच्या चार बोटं वर. सरळ, पट्टी ठेवून ओढल्यासारखी.

"ही कुनाची रं?" काकूनं विचारलं.

"मधल्याची," केदार म्हणाला. तो चहात टोस्ट बुडवत होता.

"कोन मधला?"

"त्यो म्हणला, माजं बी मोज. मंग म्या स्टुलावर चढलो."

सुदर्शन खिदळला. "आई, ह्याला येड लागलं! स्वतःची उंची चोरून वाढवून राहिला."

काकू हसली नाही. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि रेघ घासली. काजळ गेलं, पण तेलाचा डाग लाकडात राहिला, अजून आहे. माझं लक्ष मात्र आज्जीकडं होतं. आज्जीच्या तोंडात दिवसभर सुपारी वाजत असते, कट् कट् कट्, भिंतीवरच्या घड्याळापेक्षा भरवशाची. त्या सकाळी ती वाजायची थांबली.

मग मे महिन्यात तो दुसरा 'ओ' आला.

भर दुपार. काकू जेवायला बोलवायला अंगणाच्या कडेला उभी राहिली. समोर बाग. केळीची बाग बाहेरून हिरवी दिसते, पण आत पंधरा पावलं गेलं की सगळं सारखंच, खोडांमागं खोडं, वरून पानांचं छप्पर, खाली काळसर उजेड. अनोळखी माणूस आत शिरला तर आपलीच पावलं शोधत फिरतो.

"केदाऽऽऽर!"

"ओ!" केदार पेरूच्या झाडाखालून म्हणाला, आम्हाला दिसत होता.

"ओ!" बागेतून आलं.

तोच आवाज. घुमून परत आलेला आवाज थोडा भिजलेला असतो, उशिरा येतो. हा ताजा होता, धावत येणाऱ्या पोराच्या धापेसकट.

"ऋते, तुझे नखरे बंद कर," काकू माझ्याकडं न बघता म्हणाली.

मी उंबऱ्यात शेंगा फोडत बसले होते आणि माझं तोंड दाण्यांनी गच्च भरलेलं. मी तोंड उघडून दाखवलं. तोंडात एवढा ऐवज असलेल्या माणसाला ओ देता येत नाही, हे तिलाही कळलं. ती आणखी थोडा वेळ बागेकडं बघत राहिली. वारा नव्हता. एकच पान हलत होतं.

मी नंतर खोलीत जाऊन त्या 'ओ'ची नक्कल करून पाहिली. आमच्या कॉलेजचा शिपाई, बसचा कंडक्टर, फोनमधला काका, सगळे मला येतात. हा आला नाही.

जूनमध्ये केदार पहिलीत गेला. महिन्याभरात अक्षरं लागायला लागली आणि दिसेल ते वाचायचा, बिस्किटाचा पुडा, खताचं पोतं, आज्जीच्या औषधाची बाटली. एका सकाळी जेवताना त्याचं बोट ताटाच्या काठावर थांबलं. स्टीलचं ताट, त्यावर मशीनच्या ठिपक्यांनी नाव कोरलेलं, तो तान्हा असल्यापासून त्यातच जेवत आलेला.

"के... दा... र. केदार! आई, केदार!"

काकूनं पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं स्वतःचं नाव वाचून राहिलं, याहून मोठा सण नाही. तेवढ्यात सुदर्शननं ताट फिरवलं आणि पुढचं वाचलं, त्याच्या चौथीच्या ऐटीत. "चिरंजीव केदार यास मामाकडून सप्रेम भेट. बारा, नऊ, दोन हजार अठरा." मग बोटं मोजली. पुन्हा मोजली. "आई, हा तर वीस साली झाला. लॉकडाऊनमधी. मंग मामानं दोन वर्सं आदीच ताट कसं आनलं?"

केदारनं ताट हळूच पुढं सरकवलं.

"म्या म्हणलो व्हतो ना, मधला हाय म्हून? माजं न्हाई हे. त्याचं हाय."

पोरं शाळेत गेल्यावर काकू आज्जीसमोर जाऊन बसली. "आत्याबाई, आता बोला."

मी तेव्हा शाळेसाठी आजोळी होते आणि नंतर घरात कुणी हा विषय काढला नाही, त्यामुळं मला त्या दिवशी कळलं ते असं. सुदर्शन आणि केदारच्या मध्ये एक मुलगा झाला होता. नऊ दिवस जगला. बाराव्या दिवसाचं बारसं ठरलेलं, नाव ठरलेलं, मामानं धर्माबादहून ताट, वाटी, पेला कोरून आणून ठेवलेला. एवढं लहान लेकरू जाळत नाहीत. बागेच्या कोपऱ्यात, विहिरीच्या अंगाला पुरलं आणि वर केळीचा कंद लावला. दीड वर्षानं पुन्हा मुलगा झाला तेव्हा सगळं बंद होतं. कोरणारा दुकानदार घरात, मामा धर्माबादेत अडकलेला. काकाच्या बहिणीनं, आमच्या आत्यानं, नांदेडहून व्हिडिओ कॉलवर कुर्रर्र केलं. आणि आज्जीनं फळीवरचं ताट काढून पुसलं.

"बारसं कुठं झालतं त्याचं?" आज्जी म्हणाली. "कानात पडल्याबिगर नाव कुनाचं व्हतं का? कोरं नाव व्हतं ते. भांडी बी कोरी. म्हणलं, वाया काऊन घालावं?"

"कानात पडलं व्हतं, आत्याबाई."

"कोन सांगितलं?"

"म्या. दूध पाजताना. नऊ दिवस त्याच नावानं बोलत व्हते त्याच्यासंगं."

कट् थांबलं.

"मंग वीस साली काऊन गप्प बसलीस गं?"

"बाळंतिणीला कोन इचारतंय?" काकू म्हणाली आणि उठून भांडी घासायला गेली.

त्या दिवसापासून तिनं हाक मारणं सोडलं. पोरं हवी असली की स्वतः जायची, दंडाला धरून आणायची. आखाडा इतका गप्प झाला की केळीचं पान फाटलेलं ऐकू यायला लागलं.

"आईचा घसा बसला का?" सुदर्शननं मला विचारलं.

"त्यो बी तेच इचारून राहिला," केदार म्हणाला. "हाक काऊन मारीना म्हणतो. रोज वाट बगतो म्हणतो."

काकू दारात उभी होती. तिनं ऐकलं.

मग तो शनिवार आला. सकाळची शाळा, साडेअकराला पोरं घरी. माझे आईबाप नांदेडला गेलेले. काकू मागं कपडे धूत होती, सुदर्शन अंगणात सायकलची चेन बसवत होता, मी त्याला चुकीचे सल्ले देत होते.

"केदार कुठंय?" काकूनं बादली खाली ठेवली.

"आत्ता तर व्हता."

बागेच्या तोंडाशी त्याच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, टाचा जुळवून. केदारच्या चपला जन्मात कधी एका जागी सापडल्या नाहीत. एक दारात असली तर दुसरी कोंबड्यांत.

बागेच्या त्या कोपऱ्यातल्या विहिरीला कठडा नाही. काकू चप्पल न घालताच आत शिरली. मागं मी, माझ्या मनगटाला धरून सुदर्शन. आत ओल होती आणि सडक्या पानांचा वास. घडांच्या वजनानं झाडं वाकलेली, त्यामुळं सगळी खाली बघत असल्यासारखी. थोडं आत जाऊन काकू थांबली. आता हाक मारण्यावाचून इलाज नव्हता.

"केदाऽऽऽर!"

"ओ!" डावीकडून. विहीर डावीकडं.

"ओ!" उजवीकडून, ओढ्याच्या अंगानं.

ती दोन पावलं डावीकडं गेली, थबकली, उजवीकडं वळली. पुन्हा हाक. पुन्हा दोन ओ, आता दोन्ही जवळून. डावीकडं धावावं आणि पोर ओढ्यात असावं, उजवीकडं धावावं आणि डावीकडं विहीर... तिनं माझा दंड धरला. नखं लागली.

"ऋते, तुला समद्यांचे आवाज कळतात. सांग. माझा कोनता?"

मी ऐकलं. जीव कानात आणून ऐकलं. दोन्हीत तेच बोबडेपण, तीच धाप. आणि डावीकडच्यातही, उजवीकडच्यातही, आईनं बोलवल्याचा तोच आनंद.

"न्हाई कळत काकू. दोन्ही केदारच हायत."

"हाव," ती म्हणाली. "दोन्ही माझेच हायत."

आणि ती खाली बसली. चिखलात, मांडी घालून, पदर सावरून, तान्ह्याला घेऊन बसतात तशी. तिचा आवाज मी पंधरा वर्षं ऐकते आहे, पण हा कधी ऐकला नव्हता. कानाशी बोलायचा आवाज.

"केदार, बाळा. ते नाव तुझं हाय. आदी तुलाच दिलं व्हतं म्या. आता कुनी घेनार न्हाई. ताट बी तुझं. आई इसरली न्हाई तुला. निज आता तितंच."

बाग गप्प. मग कुठून तरी, अगदी खालून, पोटभर प्यालेलं लेकरू सोडतं तसा एक उसासा आला. सुदर्शननं माझ्या पाठीत तोंड खुपसलं.

आता दुसऱ्याला बोलवायचं होतं, आणि त्याला नावच उरलं नव्हतं. काकूचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. मग तिच्या तोंडून तिच्या मेलेल्या बापाचं नाव बाहेर पडलं. दोर सोडल्यासारखं, लांबवत लांबवत.

"शेषेराऽऽऽव!"

"ओ!"

एकच. डावीकडून.

तो विहिरीच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून. एका बाजूला सरकून, जसं शेजारी कुणाला जागा दिलेली. आम्ही पोहोचायच्या आत आपणहून उठला, ढुंगण झटकलं आणि चालत आला. काकूनं त्याला इतकं आवळलं की तो ओरडला.

"तुला कसं कळलं रं, तुलाच बोलवलं ते?" मी विचारलं.

"त्यो म्हणला की," त्यानं सांगितलं. "आता हे तुजं नाव हाय म्हणला. ऊठ म्हणला. आई बलावून राहिली, जा."

घरी गहजब झाला. "माहेरचं नाव! आमच्या नातवाला!" म्हणून आज्जी दोन दिवस काकूशी बोलली नाही, सुपारी मात्र दुप्पट वाजवली. काका फोनमधून ओरडला, "आधारवर केदार हाय! हालोऽ! आधारवर!" मामाला बापाचं नाव ऐकून रडू आलं आणि आठवड्यात तो नवं ताट कोरून घेऊन आला, या वर्षीची तारीख घालून. सुदर्शनला तर चेवच आला, "या शेषेराव, बसा शेषेराव, शेंबूड पुसा शेषेराव." सहा वर्षांच्या पोराला साठ वर्षांचं नाव. पण पोरगं ओ देतं. पहिल्या हाकेला, एकदाच. जुनं ताट काकूनं फळीवर ठेवलंय. रोज घासते, रोज पुसते, पालथं घालत नाही.

शाळेत नाव बदलायला कागद लागतात. ते व्हायचे तेव्हा होतील, तोवर हजेरीपटावर केदारच आहे. मागच्या आठवड्यात काकू पोरांना आणायला गेली तेव्हा मी सोबत होते. धम्मदीप सर फाटकातच भेटले, हातात हजेरीपट.

"ताई, पोरगं हुशार हाय तुमचं. एकच खोड. हजेरीला नाव घेतलं की 'हजर' म्हणतं, पर मान वर करत न्हाई. अन् बसतं पुढच्या बाकावर, आवाज येतो मागून."

काकूनं धाकट्याकडं बघितलं. "तू म्हणतोस का रं हजर?"

"म्या कशाला म्हणू? ते माजं नाव कुठं हाय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. काकूनं पोराच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावली.

"असू द्या सर," ती म्हणाली. "त्याची हजेरी लावत जा."