पालथी चिकटवलेली चित्रं

माझ्या थोरल्या साडभाऊंनी जन्मात एक चोर पकडला नसेल, पण एका अख्ख्या पिढीच्या पोरांना ज्या चोरांनी घाबरवलं, ते चोर त्यांनीच काढलेले आहेत. काढलेले म्हणजे ब्रशनं. साडभाऊ म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नेरचे पेंटर. आज गावात कुणालाही विचारा, "ते नंबरप्लेटवाले ना?" म्हणून घर दाखवतील, फार तर "तान्ह्या पोळ्याचे, लहान पोट्ट्यायचे लाकडी बैल रंगवते तो बुढा" म्हणतील. पण तरुणपणी हे गृहस्थ नागपूरच्या एका प्रकाशकासाठी मुलांच्या रहस्यकथांची जॅकेटं रंगवायचे. पुस्तकावर सैल घातलेली ती रंगीत वेष्टणं बघूनच पोरं आईबापामागे हट्ट धरायची. हे सगळं आता फक्त साडभाऊच सांगतात, आणि ऐकणारा मान हलवता हलवता मोबाईल काढतो.

प्रकाशक त्यांना गोष्ट कधी पाठवायचा नाही. एक पोस्टकार्ड यायचं: "दोन मुलं, एक कुत्रा, दीपस्तंभ, आठ दिवसांत पाठवा." आता नेरच्या माणसानं दीपस्तंभ कुठून बघावा? समुद्रच बघितला नव्हता! साडभाऊंनी कापसाच्या जिनिंग कारखान्याची चिमणी काढली, वर कंदील ठेवला आणि खाली गावतळ्याचं पाणी पसरलं. चाच्यांची गुहा हवी होती तेव्हा ते राजूरला जाऊन कोळशाच्या खाणीचं तोंड बघून आले. "अहो, गोष्ट तरी मागवून घ्यायची वाचायला," मी एकदा म्हटलं. तर म्हणाले, "गुरुजी, गोष्ट वाचली की चोर कोण ते मालूम पडते. मंग हात त्याच्याकडंच जाते. पोट्ट्यायची मजा खराब कायले करायची?"

आणि चेहरे? चेहरे घरचे. त्यांच्या लग्नाच्या वेळी आमच्या सासऱ्यांनी "पेंटराले कोण पोरगी देते?" म्हणून त्यांना तीनदा दारातून परत पाठवलं होतं. चौथ्यांदा पोरगी दिली, पण साडभाऊ विसरले नाहीत. पुढच्या प्रत्येक पुस्तकावरच्या खलनायकाला सासऱ्यांचं नाक आणि सासऱ्यांच्या मिशा. सासऱ्यांच्या हातात एक पुस्तक पडलंच. तो तस्कर त्यांनी डोळे बारीक करून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "माणूस ओळखीचा वाटून राह्यला. पण काय करारी दिसते!" पुढं वर्षभर ते पुस्तक ते लग्नकार्यात दाखवत हिंडले. साडभाऊंच्या आयुष्यातली एवढीच एक दाद, तीही ज्याच्यावर सूड उगवला त्याच्याकडून मिळालेली.

स्वभाव म्हणाल तर निराशेत त्यांचा हात धरणारा अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. चहा चांगला झालाय म्हणावं, तर म्हणणार, "पह्यला घोट चांगलाच असते, मंग थंडच होते." पोरगी पास झाली तर, "झाली तं झाली. आता पुढं काय?" पण त्यांच्या निराशेचा खास मुक्काम म्हणजे वाचनालय. कुठल्याही गावी लग्नाला गेले की मांडवाआधी वाचनालयात शिरायचे, बालविभागासमोर उभे राहायचे आणि पुठ्ठ्याच्या बांधणीतली एकसारखी मळकट पुस्तकं बघून मोठ्यानं उसासा टाकायचे. "पाहा गुरुजी, उघडेबोडके करून ठेवले. जॅकेट आलं की पह्यले फाडतात हे लोक! काहून? तं ते सोपं पडते!" मूळ चित्रं प्रकाशकाकडे राहिली आणि प्रकाशकानं गाशा गुंडाळला. घरच्या प्रती ट्रंकेत होत्या, त्या वाळवीनं खाल्ल्या. स्वतःचं एकही जॅकेट त्यांच्याकडे उरलं नव्हतं, म्हणून ही शोधाशोध.

आणि हे सगळं ऐकत त्यांच्या शेजारी उभा राहून मी म्हणत असे, "हो ना, काय नालायक लोक असतात एकेक!"

आता खरं सांगून टाकतो. त्या नालायकांत मी होतो. लग्नाआधी मी केळापूरच्या शाळेत मास्तर होतो आणि ग्रंथालयाचं कपाट माझ्याकडे होतं. पोरांचे हात तेलाचे, मातीचे. चांगली जॅकेटं चार दिवसांत काळी व्हायची. तेव्हा मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला केवढा अभिमान! जॅकेट फाडायचं नाही, वाया का घालवावं? ते पालथं करायचं, चित्र आत आणि कोरी पांढरी बाजू वर. मग आत दुमडलेल्या दोन्ही पट्ट्या कात्रीनं कापायच्या, मैद्याची खळ लावून पुठ्ठ्याला गच्च चिकटवायचं आणि वर शाईनं झोकदार नंबर टाकायचा. कपाट असं पांढरंशुभ्र दिसायचं की तपासणीच्या साहेबांनी पाठ थोपटली होती. पुढं लग्न झालं, साडभाऊ कळले, आणि त्या कापलेल्या पट्टीवर "मुखपृष्ठ" म्हणून कुणाचं नाव होतं तेही कळलं. तेव्हापासून तोंड शिवून बसलो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

मागच्या वर्षी साडभाऊंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. कडेनं दिसणं गेलंय, मधलंही हळूहळू जाईल. मी भेटायला गेलो तर ते अंगणात एका लाकडी बैलाचं शिंग अगदी नाकाशी धरून रंगवत होते. "गुरुजी, मले आता नळीतून पाहिल्यासारखं दिसते," म्हणाले. "याचं काही नाही, माणूस म्हातारा होतेच. पण हे मिटायच्या आधी माह्यं एक जॅकेट पाहाले भेटलं असतं, तं बरं झालं असतं. खरंच काढले होते का मी, असंही वाटते कधीकधी." हा माणूस आजवर कुरकुरला खूप, पण मागितलं कधी काही नव्हतं. मला राहवलं नाही. त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या ताई, आत चहा ठेवत होत्या, तेवढ्यात मी सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता रंगाचा डबा डोक्यात बसतो. त्यांनी ब्रश पुसला, बैल खाली ठेवला आणि विचारलं, "केळापूरले जायाले पांढरकवड्याची बस किती वाजता हाये?"

केळापूरच्या शाळेतल्या मॅडम नव्या, पण भल्या. कपाट उघडून दिलं. खालच्या फळीवर माझ्या अक्षरातले नंबर मिरवत पाच पुस्तकं उभी होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. जुनी खळ इतकी मुरलेली की जॅकेट अख्खं सुटणं शक्य नव्हतं. साडभाऊंनी शाळेच्या खिचडीच्या चुलीवरून गरम पाणी मागितलं, धोतराचं टोक भिजवलं आणि एका पुस्तकाचा पांढरा कागद बोटानं चोळायला लागले, लहान पोराचा मळ काढावा तसे. कागदाच्या वळ्या निघाल्या, आणि खालून पुठ्ठ्याला चिकटलेला रंग वर आला. आधी निळा. मग चिमणी. मग सासऱ्यांच्या मिशा! मी ओरडलोच. चित्र जागोजागी उडालेलं होतं आणि उलटं होतं, डावीकडचं उजवीकडे, पण होतं.

साडभाऊंनी ते डोळ्याशी नेलं आणि मान हळूहळू फिरवत तसूतसूनं पाहिलं. पेंटर लोक हातातलं काम आरशात धरून बघतात. उलटं दिसलं की चूक लपत नाही म्हणे. "कुत्र्याचा मागचा पाय चुकला," ते म्हणाले. "पाहा, मोडल्यावानी दिसते. पोट्ट्याची मानही बसली नाही. मले तं वाटे गुरुजी, का मी लय चांगला होतो." मी म्हटलं, "अहो, पोरांना तेव्हा कुठं कळलं?" ते म्हणाले, "मले आता कळलं ना."

मॅडमनी दुसरं पुस्तक पुढं केलं. साडभाऊंनी ते हातात घेतलं, पांढऱ्या कागदावरून तळवा फिरवला आणि न भिजवता फळीवर परत ठेवलं. "हे चार राहू द्या, बाई. हे चांगले असतीन."

परतीच्या बसमध्ये मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर नुसतं थोपटलं.

आता त्यांना दिसत नाही. ब्रश सुटला. दर रविवारी फोन येतो आणि ते मला त्या चार चित्रांतलं एकेक सांगतात: गुहेचा काळोख कसा साधला होता, पोरीच्या हातातल्या कंदिलाचा उजेड गालावर कसा पाडला होता. दर वेळी चित्र आधीपेक्षा थोडं सुधारलेलं असतं. मी कधीच मध्ये बोलत नाही. परवा सांगता सांगता थांबले आणि जरा भीतच विचारलं, "गुरुजी, त्या तिसऱ्यावर कुत्रा होता ना? त्याचे पाय?"

"बरोबर आहेत, साडभाऊ," मी म्हणालो. "चारही बरोबर आहेत."