टाळ्यांनंतरचा प्रवेश

वडगावात कुणालाही सुवर्णा हलगेकर कुठं राहतात म्हणून विचारलं, तर ‘नाटकाच्या बाई व्हय?’ असा उलटा प्रश्न येई. खरं तर बाई हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत. पण इतिहास शिकवणारीला कोण लक्षात ठेवतो? दरसाल गॅदरिंगला पोरांचं नाटक बसवणारी बाई मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहते.

शाळा बेळगावच्या कडेला, मराठी माध्यमाची. येळ्ळूर आणि आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं, थोडी हातमागवाल्या विणकरांची. पट दरसाल घसरत चाललेला. नाटकात घालवता तो वेळ कन्नडच्या पेपराला द्या, असं हेडसर सांगत. बाई मान डोलवत आणि मधल्या सुट्टीनंतर पोरांना घेऊन हॉलमध्ये जात. नाटकाच्या साड्या विणकरांच्या घरून मागून आणत. घडी मोडू देणार नाही, असं तोंड भरून सांगत आणि घडी मोडूनच परत करत. लग्न केलं नव्हतं, त्यामुळं रागवायला घरात कुणी नव्हतं.

त्यांची शिकवायची एक रीत होती. संवाद नुसता पाठ करायचा नाही. शेतात म्हणायचा, गोठ्यात म्हशीपुढं म्हणायचा, भाकरी थापताना म्हणायचा. अंगात मुरला की मगच रंगमंचावर आणायचा. प्रयोगाला त्या स्वतः विंगेत उभ्या राहत. पोरगं अडलं तर फक्त पहिला शब्द सांगायचा, एवढंच. पुढचं त्याचं त्यानं आणायचं.

सौम्या कुगजी दहावीत असताना बाईंनी स्वतः नाटक लिहिलं. नवरा मेल्यावर बायका हिरवा चुडा फोडायला येतात आणि ती बाई नाही म्हणते, अशी गोष्ट. मुख्य काम सौम्याला दिलं. पोरगी वर्गात कधी हात वर करायची नाही, पण तिचा आवाज तळापासून यायचा. तिची आई शाळेत येऊन बसली. बिनलग्नाच्या पोरीनं विधवेचं सोंग घेऊ नये, अंगाला लागतं, असं तिचं म्हणणं. बाई येळ्ळूरला तिच्या घरी गेल्या, चहा घेतला आणि सोंगानं काही होत नसतं, असं समजावून आल्या. खरं तर समजावलं कसलं, बोलून बोलून दमवलं.

नाटक गाजलं. सौम्या हात झटकून ‘सोडा माझा हात’ म्हणाली आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. पडदा तिथंच पाडला होता. बाईंनी पुढं आणखी एक प्रवेश लिहिला होता, सासरी त्या बाईचं नंतर काय होतं त्याचा. तालमीआधीच तो त्यांनी काढून टाकला. टाळ्यांवर पडदा पडायला हवा, पुढं कशाला रडारड, असं हेडसर म्हणाले होते. नाटकाच्या बाबतीत हेडसरांचं म्हणणं बाईंना त्या एकदाच पटलं.

पुढं सौम्याचं लग्न निपाणीजवळच्या एका खेड्यात झालं. नवरा सिद्धेश तंबाखूच्या वखारीत कामाला. भांडखोर नव्हता, बायकोला माहेरी पाठवायला कुरकुरत नव्हता. त्यांना एक मुलगा झाला. दिवाळीत बाईंना फोन यायचा. पोरगं फोनवर काहीतरी बडबडायचं आणि बाई उगीच हसत राहायच्या.

मग एक दिवस हायवेवर सिद्धेशच्या मोटारसायकलीला ट्रकनं उडवलं.

माहेराआधी सौम्यानं फोन केला तो बाईंना. “बाई, ह्ये गेले,” एवढंच म्हणाली. बाई मिळेल त्या बसनं निपाणीला गेल्या, तिथून रिक्षानं गावात. पंचनामा होऊन प्रेत यायला उशीर झाला होता, म्हणून त्या वेळेत पोचल्या. अंगणात तिरडी बांधून झालेली. सौम्याला पाटावर बसवलेलं. कपाळभर मळवट भरला होता, हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरले होते, केसांत गजरा घातला होता. आधी सगळं द्यायचं आणि मग सगळं काढून घ्यायचं, अशी ती रीत. काढायचं काम आधीच्या एखाद्या विधवेनंच करायचं. त्यासाठी भावकीतली रुक्माबाई आली होती. म्हातारी क्रूर नव्हती. डोळे पुसत पुसतच तिनं सौम्याचं मनगट धरलं.

सौम्यानं मान वर केली आणि गर्दीत शोधू लागली. बाई तुळशीकट्ट्याजवळ उभ्या होत्या. पोरीची नजर त्यांच्यावर येऊन थांबली. ती नजर बाईंना पाठ होती, अडलेलं पोरगं विंगेकडं बघतं तशी. आपण गप्प राहिलो तर ही हात पुढं करील आणि गोष्ट संपेल, हे त्यांना कळलं. त्यांना भीती वाटली. परकं गाव, दारात प्रेत. पण तोंडातून शब्द गेलाच, अगदी हळू.

“सोडा.”

“सोडा माझा हात,” सौम्या म्हणाली. नाटकातलं वाक्य तेवढंच होतं. पुढचं तिचं तिनं आणलं. “कुंकू मी ल्हानपणापासनं लावतीया. ह्यांनी दिलेलं न्हाय ते. मी पुसनार न्हाय.”

रुक्माबाईचा हात गळून पडला. पुरुषमाणसांनी खाली बघितलं. सासू अक्काताई उंबऱ्यात बसली होती, तिनं नातवाला मांडीवर ओढून घेतलं. तिरडी उचलली, तेव्हा सौम्याच्या कपाळावर मळवट तसाच होता.

ही बातमी बेळगावच्या पेपरात आली. त्यात बाईंचं नाव होतं, नाटकाचा उल्लेख होता. एका महिला मंडळानं कार्यक्रम ठेवला. शाल, श्रीफळ, मानपत्र. ‘शिक्षिकेला याहून मोठं बक्षीस कोणतं?’ असं अध्यक्षबाई म्हणाल्या. हेडसर पहिल्या रांगेत बसले होते आणि आमच्या शाळेचे संस्कार म्हणून छाती फुगवत होते. बाईंना लाज वाटली, पण खोटं कशाला सांगा, आनंदही झाला. सगळी हयात पोरांना उभं राहायला शिकवण्यात गेली होती आणि एक तरी पोरगी खरोखर उभी राहिली होती. सौम्याला बोलवायचं मंडळाच्या मनात होतं, पण सुतकात कसं बोलवायचं, म्हणून राहिलं.

सुतक फिटलं, त्यानंतरच्या रविवारी सकाळी सौम्या बाईंच्या दारात उभी होती. हातात कपड्यांची पिशवी. कपाळावर बारीक टिकली. गाल आत गेलेले. बाईंनी तिला आत घेतलं, चहा टाकला आणि पोरगं कुठं म्हणून विचारलं.

ती जे सांगत गेली ते सरळ होतं. कुणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. त्या दिवसापासून घरात तिच्याशी कुणी बोललं नाही. तिनं रांधलेलं कुणी खाल्लं नाही. मुलाला अक्काताई आपल्याजवळ निजवू लागली, न्हाऊ घालू लागली, तीच भरवू लागली. पोरगं आईकडं धावलं की उचलून न्यायची. शेवटी दिरानं सांगितलं, तुला तुझं कुंकू पाहिजे तर ते घेऊन जा, पोरगं आमच्या घरचं आहे. येळ्ळूरला आईनं दारातच हात जोडले. ते सोंग अंगाला लागलं म्हणाली. आता तरी पूस आणि पाया पडून परत जा, पोरासाठी तरी जा, म्हणाली.

चहा गार झाला होता. वकील गाठू, कोर्टात जाऊ, कायदा आईच्या बाजूनं आहे, असं बाई एकामागून एक सांगू लागल्या. सौम्या ऐकत होती.

“बाई,” ती मधेच म्हणाली, “नाटक तिथंच संपत होतं. म्होरलं तुम्ही शिकवलंच न्हाय.”

बाईंनी मान खाली घातली. मग त्यांनी खरं ते सांगितलं. पुढचा प्रवेश लिहिला होता, टाळ्यांसाठी आपणच तो काढला.

“काय हुतं त्यात?”

“घरातली तिच्याशी बोलायचं सोडतात. तिच्या हातचं खात नाहीत. शेवटी ती घर सोडते.”

“आनि पोरगं?”

“पोराला कडेवर घेऊन निघते.”

सौम्यानं पदराच्या टोकानं टिकली पुसली आणि पिशवी उचलली.

“बरं झालं काढला ते,” ती म्हणाली. “खोटा हुता. पोरगं देत न्हाईत, बाई.”

निपाणीची बस कुठनं मिळंल, एवढंच तिनं दारातून विचारलं. बाईंनी ते सांगितलं.