बिनसेन्सरची गाडी, बिनदाव्याची म्हस

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी मिरवत्यात. शिंगं रंगवायची, कपाळाला मोरपिसं बांधायची आणि मालकानं सायलेन्सर काढल्याली फटफटी घिऊन पुढं सुटायचं. त्या आवाजामागं म्हस बिनदाव्याची पळत येत्या. मालकानं मागं वळून बघायचं न्हाय. बघितलं की लोक म्हणणार, ह्येचा स्वताच्या म्हशीवर इश्वास न्हाय. अशा ठिकाणी मी बॅटरीची स्कूटर घिऊन गेलतो.

ती घेतल्याली राजारामपुरीत दूध घालायला. दोन्ही अंगाला क्यानं अडकवायची की चाललो. गाडीचा आवाज न्हाय, धूर न्हाय. मी तिला रोज पायपानं धुवायचो, म्हशीला धुतो तशी. म्हशीला मानवलं, स्कूटरला न्हाय. मागच्या चाकातल्या मोटरीत पाणी गेलं आणि सेन्सर खलास झाला.

माझा मेहुणा शिरोली एमआयडीसीत मोटरींच्या कामावर हाय. त्यानं चाक उघडलं, आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"दाजी, मोटर धुतलासा?"

"सगळी गाडीच धुतली की."

"साबण लावलासा का न्हाय?"

त्यानं सेन्सरच्या वायरी काढून टाकल्या आणि बिनसेन्सरचा कंट्रोलर बसवला. मग मला शिकवाय बसला. चाकात चुंबकं फिरत्यात. ती कुठवर आल्यात हे सेन्सर सांगायचा, त्या हिशेबानं कंट्रोलर करंट सोडायचा. आता सांगणारा न्हाय. पण चुंबक फिरलं की मोटरीच्या तारंत आपसूक उलटी वीज तयार होत्या, तिच्यावरनं कंट्रोलर वळखतोय चुंबक कुठं हाय ते.

"आणि गाडी उभी असली तर?"

"तर त्येला काय कळत न्हाय. चाकच फिरत न्हाय तर उलटं काय येणार? अंदाजानं धक्का देतोय. कधी पुढं, कधी मागं. म्हणून सुटताना पायानं जरा रेटायचं. चाक फिरलं की पुढचं त्येचं त्यो बघतोय."

मी मान हलवली. कळलं काय न्हवतं, पण मान हलवायला सेन्सर लागत न्हाय.

दुसऱ्या दिवशी चौकात च्या पिताना मीच मास्तर झालो. "बिनसेन्सरची गाडी हाय, पावणं. डोळं झाकून पळत्या." समोरचे हसाय लागले तसा मला जोर चढला. "औंदा पाडव्याला हिच्याच मागं म्हस पळवतो का न्हाय बघा!" झालं. सांजच्याला गल्लीभर झालं. मंडळाच्या माईकवाल्यानं तर कार्यक्रमात घालूनबी टाकलं. आता म्हस मागं आली न्हाय तर मला चौकात च्या मिळणार न्हवता, टोमणं मिळणार हुतं.

मग रोज दूध घालून आलो की गल्लीत सराव. मी पुढं, म्हस मागं. मला वाटलं, प्रेम हाय.

"प्रेम कसलं डोंबलाचं," बायको म्हणाली. "क्यानं खडखडली की धारंची येळ, आणि धारंला पेंड. ती पेंडीमागं येत्या."

पाडव्याला मी स्कूटर चकाचक केली. धुतली न्हाय, पुसली. क्यानं काढून ठेवली.

"अवं, क्यानं राहूंद्यात की."

"मिरवणूक हाय का दूध घालायचं हाय?"

सुटायच्या जागी माझ्या मागं म्हस उभी, बाजूला मेहुणा. त्यो वरडला, "दाजी, पाय लावा, पाय!" डोक्याला फेटा बांधून रस्त्यावर पाय घासायचा व्हय? मी नुसता अ‍ॅक्सिलेटर पिळला. स्कूटर हुडहुडी भरल्यागत थरथरली आणि सुटली ती मागं, थेट म्हशीच्या कपाळावर. म्हशीला ते काय पटलं न्हाय. तिनं मान खाली घालून स्कूटर अशी रेटली की चाक फिरलं, कंट्रोलरला चुंबक गावलं आणि मी पुढं बाणागत.

मान ताठ. मागं बघायचं न्हाय. दोन्ही बाजूला लोक शिट्ट्या मारत हुते, पोट धरून हसत हुते. मला वाटलं, आनंद झालाय लोकांस्नी. मी एका हातानं मिशीला पीळबी दिला.

शेवटाला मानाचा नारळ घेतल्याला एक पावणा उभा हुता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं.

"म्हस?"

"मागं हाय की."

"कुणाच्या?"

तवा मी वळलो. रस्ता मोकळा. पार तिकडं म्हस जागच्या जागी उभी राहून मंडळाच्या कमानीची झेंडूची माळ खात हुती.

तेवढ्यात खडखड ऐकू आली. म्हशीला पाणी पाजायला म्हणून बायकोनं एक क्यान आणलं हुतं. तिनं ते रिकामं केलं, पदर खोचला आणि क्यानावर झाकण आपटत पळाय लागली. म्हशीचं कान उभं राहिलं. माळ सोडली आणि ती बायकोच्या मागं अशी उधळली की मोरपिसं आडवी झाली. आता कोण हसत न्हवतं, वरडत हुते. दोघी माझ्या शेजारनं गेल्या. नारळ बायकोला मिळाला.

आपणबी बरोबर असावं म्हणून मी अ‍ॅक्सिलेटर पिळला. थरथर, आणि गाडी मागं. शेवटी फेट्यासकट उतरलो आणि रेटाय लागलो.

"आता कसं, दाजी!" मागनं पळत आल्याला मेहुणा वरडला.

माईकवाला सुरूच हुता, "क्यानामागं म्हस, म्हशीमागं मालक!"

मी घरापतोर तसाच रेटत आलो. बायकोनं मातूर मिरवणुकीचा नेम पाळला. मागं वळून एकदाबी बघितलं न्हाय.