आरसा मिस्त्रीचा उतार

आमच्या ह्यांना सगळे आरसा मिस्त्री म्हणतात. सिमेंटचा कोबा घालावा तर ह्यांनीच. जमीन अशी घोटतात, की वाकून भांग पाडून घ्यावा. आता आमच्याच स्वयंपाकघरात पातेलं ठेवलं तर डुगडुगतं, ते सोडा. दिव्याखाली अंधार. त्यावर मी बोलायचं सोडून दिलंय. म्हणजे रोज नाही बोलत.

पण सांगायचंय ते सासूबाईंचं. मांडीचं हाड मोडलं आणि त्या चाकाच्या खुर्चीत आल्या. जन्मभर बांधकामावर घमेली वाहिली, पण कुणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही. आता दाराच्या पायऱ्या उतरायच्या तर दोघांनी खुर्ची उचलायची. पहिल्यांदा उचलली तेव्हा त्या डोळे गच्च मिटून बसल्या, आणि त्यानंतर बाहेर नकोच म्हणाल्या. समोरची शिंपीणबाई त्यांची जुनी मैत्रीण. दोघी आपापल्या दारातून ओरडून बोलायच्या. अख्ख्या गल्लीला त्यांची गुपितं पाठ झाली. लोक हसायचे.

मी ह्यांच्या मागे हात धुऊन लागले. जगाची घरं बांधता आणि आईला दाराबाहेर जायला वाट नाही, म्हटलं. शेवटी एका सुट्टीला ह्यांनी मनावर घेतलं. पायऱ्यांवर विटांचे तुकडे भरून लांबलचक उतार केला, कडेला धरायला पाइप रोवला, वर सिमेंट-वाळूचा माल ओढला. तो जरा आवळल्यावर कोरडं सिमेंट भुरभुरून थापी घेऊन घोटायला बसले. तंद्रीच लागली. बघणारे वाहवा करायला लागले, तसा ह्यांचा हात आणखी चढला. मी विचारलं, अहो, घसरायचं नाही का? तर तू तुझं पातेलं बघ, म्हणाले.

सासूबाई दारातून बघत होत्या.

"छान झालंय रे," त्या म्हणाल्या. "पण मला आरसा नको. चाक घसरलं की परत तुलाच हाक मारावी लागेल."

"आई, खरखरीत ठेवलं तर लोक म्हणतील, मिस्त्रीचा हात गेला."

"लोकांना उतरायचंय का यावरून?"

 हे उठले, दारामागचा खराटा आणला आणि ओल्या सिमेंटवरून आडवा ओढला. एक रेघ, दुसरी रेघ, खालपर्यंत. चेहरा असा, जणू स्वतःची मिशी भादरतायत.  माझी जीभ तशी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण तेव्हा मी जवळ जाऊन फक्त बादली धरली.

मग सुरू झालं पाणी मारणं. ओली पोती अंथरून ठेवलेली, आणि हे राखणीला. मांजर फिरकलं तरी त्याला दोन शब्द ऐकवायचे. सासूबाईही दारात बसून मगाने पाणी शिंपडायच्या. दिवस सरता सरेनात. पोती निघाली तेव्हा ह्यांनी सासूबाईंना खाली नेलं, मागून खुर्ची धरून. परत येताना त्यांनी ह्यांच्या हातावर फटका मारला. पाइप धरून एकट्याच वर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ह्यांची पाठ दुखायला लागली. कामावर गेलेच नाहीत. पाठीचं निमित्त, कान सगळे दाराकडे. आईने हाक मारली तर धावत जायचं. चहा निवून गेला. शेवटी राहवेना.

"अजून हाक कशी आली नाही?"

बाहेर बघा, म्हटलं. दोघं दारात आलो. समोर शिंपीणबाईच्या ओट्याला खुर्ची लागलेली, दोन पांढरी डोकी जवळजवळ, आणि बोलणं इतकं हळू, की गल्लीत एक शब्द ऐकू येत नव्हता.

"काय बोलत असतील गं?" ह्यांनी विचारलं.

"माझंच गाऱ्हाणं असणार," मी म्हणाले, आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!