साडूच्या इंजिनावरचा नमदा

चोइजिलला आपल्या साडूचा, गोम्बोचा, हेवा वाटायचा आणि तो आपण छान लपवलाय अशी त्याची समजूत होती. बायको यांजमा सोडा, गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखून होती. साडूची गाडी वळणावर दिसली की ह्याची मान आपोआप दुसरीकडे वळायची.

भांडणाचं मूळ काय, तर गाडीचं ॲव्हरेज. उलानबातरच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या वस्तीत दोघांची कुंपणं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. दोघांकडे एकाच बनावटीची जुनी जपानी हायब्रिड गाडी, आणि दोघांचा धंदा एकच, सवाऱ्या वाहायचा. उन्हाळाभर सगळं बरोबरीत चालायचं. पण थंडी पडली की चोइजिलची गाडी लिटरला तेरा किलोमीटरवर यायची आणि गोम्बोची मात्र अठराच्या खाली उतरायला तयार नसायची.

हायब्रिडचं सुख हे की सिग्नलला थांबलं की इंजिन झोपतं आणि बॅटरीवर काम भागतं. पण उणे तीसमध्ये इंजिनाला झोप कसली. जरा गारठलं की स्वतःला तापवायला उठतं, आणि उठलं की पेट्रोल पितं. चोइजिलने करायचं ते सगळं केलं होतं. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला. थंडीने टायर बसतात म्हणून हवा वेळच्या वेळी भरली. अर्धा अर्धा तास जागेवर इंजिन तापवायची जुन्या रशियन ट्रकवरची सवय मोडली आणि निघाल्यापासून हळूहळू चालवायला शिकला. हीटर तर बंदच. मागच्या सवाऱ्या दात वाजवत बसायच्या आणि एखादी म्हातारी म्हणायची, "बाबा, त्यापेक्षा मी घोड्यावर गेले असते."

एवढं करूनही तेरा.

आणि गोम्बोचं गुपित काही गुपित नव्हतंच. तो येईल त्याच्यापुढे बॉनेट उघडून दाखवायचा. इंजिनावर उंटाच्या लोकरीचा जाड, तपकिरी नमदा, कडेने दुहेरी शिवण.

"आईने केलाय, दादा," तो सांगायचा. "माप घ्यायला स्वतः दोरी घेऊन उभी होती. म्हणाली, कोकराला गुंडाळतात तसं गुंडाळ, सकाळी जिवंत सापडेल."

आई म्हणजे दोघांची सासू, दुलाम. खिंडीपलीकडे गेर, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, टाकून राहणारी. लोकर भिजवून, लाटून, घोड्यामागे ओढवून नमदा करावा तर तिनेच. चोइजिलला बाजारात शंभर नमदे मिळाले असते, आणि त्यातला एक त्याच्या इंजिनावर होताही. पण तो बाजारचा. सासूने नमदा केला तो धाकट्या जावयासाठी, हेच त्याच्या घशात अडकलं होतं.

कारण चोइजिलला आई नव्हती. चुलत्याकडे तो वाढला तो शेणाच्या गोवऱ्या गोळा करत आणि उरलेलं खात. यांजमाला मागणी घालायला गेला तेव्हा दुलामने, तू कुणाचा, कुठला, हे विचारायच्या आधी त्याच्या वाडग्यात मटणाचा चांगला तुकडा टाकला होता. पुढे एका हिवाळ्यात बर्फाने त्याची सगळी जनावरं नेली आणि तो शहरात आला, तेव्हाही निघताना वळून पाहावंसं वाटलं ते तिच्याकडेच. पुढे तो गोम्बो आला. गोड बोलणारा, हसरा, स्वतःची आई असताना आणखी एक आई मिळालेला.

या वर्षी तर गोष्ट निकरावर आली. दुलामचे गुडघे गेले. उरलेली जनावरं पुतण्याला देऊन पांढऱ्या महिन्याचा, नववर्षाचा सण झाला की कायमची शहरात येते, असा तिने निरोप धाडला. कुठल्या लेकीकडे, विचारलं तर म्हणाली, "सणाच्या सकाळी सांगेन."

"गोम्बोकडेच जाणार ती," चोइजिल जेवताना म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?" यांजमा म्हणाली.

"इंजिनाला पांघरूण शिवते, मग माणसाचं काय विचारतेस."

"इंजिनाचा हेवा करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. चहा घे."

सणाच्या आधी काही कामाचं निमित्त काढून तो गोम्बोकडे गेला आणि गाडीत डोकावला. मागच्या सीटवरून बाजूच्या कडेपर्यंत नमदाच नमदा. बॅटरी तिथेच मागे असते. म्हणजे लबाड बॅटरीलाही गुंडाळतो तर! इंजिनावरचा नमदा जगाला दाखवायचा आणि खरी किल्ली मागे ठेवायची. चोइजिल घरी आला तो डोक्यात राख घालूनच.

यांजमा बेकरीत कामावर गेली होती. बाजारात जायलाही त्याला धीर नव्हता. पेटीच्या तळाशी एक जुना पांढरा नमदा होता, निळ्या दोऱ्याने शिंगांची नक्षी घातलेला. लग्नात नवरानवरीला बसायला दुलामने केलेला. चोइजिल तो हातात घेऊन थोडा वेळ थांबला. मग मनाशी म्हणाला, हा तिने लेकीला दिलाय, मला कुठे दिलाय. आणि कात्री चालवली.

बॅटरीच्या भोवती जिथे बोट जाईल तिथे त्याने तुकडे कोंबले. सीटच्या कडेला एक जाळी होती, तीही दाबून बंद केली. जिथून वारा येईल ते बुजवायचं, हे गेरमध्ये जन्मलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

सणाच्या आदल्या दिवशी दोन्ही गाड्या खिंडीकडे निघाल्या. बितूनच्या, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या, संध्याकाळी जो वाटेत सापडतो तो वर्षभर भटकतो म्हणतात, म्हणून दिवस मावळायच्या आत सासूच्या दारात पोचायचं होतं. अर्ध्या वाटेवर दगडांच्या पवित्र राशीपाशी, ओवोपाशी, सगळे उतरले, प्रदक्षिणा घातल्या, एकेक दगड ठेवला. चोइजिलने सहज म्हणून विचारल्यासारखं विचारलं, "किती देतेय रे तुझी?"

"अठरा, दादा. तुमची?"

"एकोणीस," चोइजिल म्हणाला. हे एवढं म्हणायला त्याने दोन हिवाळे वाट पाहिली होती.

"अरे वा! काय केलंत?"

"काही नाही. हात हलका लागतो."

गाडीत बसल्यावर तो इतका खुशीत होता की त्याने चक्क हीटर लावला. यांजमाने त्याच्याकडे संशयाने पाहिलं, पण पाय गरम होत होते म्हणून काही बोलली नाही. खिंडीचा चढ लागला. गाडीत ऊब भरत गेली आणि मागे बॅटरी आपल्या पांघरुणात घुसमटत गेली. माथ्याच्या अलीकडे काचेखाली धोक्याचा लाल त्रिकोण पेटला, गाडीचा जोर गेला आणि ती कडेला जाऊन उभी राहिली. बाहेर वारा असा की थुंकी जमिनीवर पोचेपर्यंत गोठावी, आणि यांची गाडी बंद पडली ती तापून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मागचे दिवे दिसेनात म्हणून गोम्बो परत फिरून आला. त्याने मागचं दार उघडलं, वाकला आणि जाळीतून पांढरा तुकडा ओढून काढला. मग दुसरा. मग ओढतच राहिला.

"दादा, बॅटरी इथून श्वास घेते. तुम्ही तिचं नाकच बांधलंत."

"तुझ्याही गाडीत आहे की मागे नमदा," चोइजिल गुरगुरला.

"आहे ना. पण जाळीपाशी भोक पाडलंय त्याला. त्यावर आमच्या हिची पिशवी असते, दिसलं नसेल तुम्हाला." क्षणभराने त्याच्या लक्षात आलं की दादांनी डोकावून पाहिलं होतं. तो हसला नाही. चोइजिलला तेच जास्त लागलं. हसला असता तर दोन शिव्या तरी देता आल्या असत्या.

यांजमाने एक तुकडा उचलून उजेडाकडे धरला. निळं शिंग अर्ध्यात कापलेलं होतं.

"हा आपला आहे," ती म्हणाली.

"तुला दिला होता तिने."

"आपण दोघं बसलो होतो यावर, चोइजिल."

तिने सगळे तुकडे गोळा केले. बॅटरी निवेपर्यंत सगळे गोम्बोच्या गाडीत बसले. तिथेही हीटर बंदच होता. मग चोइजिलची गाडी कुरकुरत चालू झाली आणि ते पोचले तेव्हा शेवटचा उजेड डोंगरावरून जात होता.

दुलामने मटण भरलेल्या, वाफाळलेल्या बूझचं ताट पुढे केलं. "खा. आज जो उपाशी तो वर्षभर उपाशी." यांजमाने तुकडे चुलीजवळ ठेवले. म्हातारीने ते पाहिले, एक बोटात धरून चोळला आणि खाली ठेवला. चोइजिल हातातल्या बूझकडे नुसता बघत राहिला. त्याला आता एवढंच कळत होतं की घर कुणाचं ठरणार ते ठरून गेलं. स्वतःच्या हाताने त्याने ते गोम्बोच्या पदरात टाकलं होतं.

सकाळी सगळे नवे कपडे घालून उभे राहिले. रीतीप्रमाणे धाकट्याने थोरल्याच्या कोपराखाली हात धरायचे. गोम्बो पुढे आला, त्याने चोइजिलचे हात खालून तोलून धरले आणि विचारलं, "मन शांत आहे ना, दादा?"

या प्रश्नाला उत्तर एकच असतं. "शांत आहे," चोइजिल म्हणाला. आयुष्यात इतकं खोटं तो सवारीशीही बोलला नव्हता.

मग दुलाम बसली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "मी चोइजिलकडे जातेय."

 चोइजिलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"गोम्बोच्या गाडीत नमदा आहे, धड आहे. याचा बघा." तिने तुकडे मांडीवर घेतले. "हे जोडायचं म्हणजे काम आहे. डोळे गेलेत, हात गेलेत. उन्हाळा लागेल. कदाचित पुढचा हिवाळाही. मग तिथेच राहिलेलं बरं."

"आई, मी मुद्दाम..." चोइजिल म्हणाला.

"मुद्दामच केलंस. माहीत आहे मला. कोकराने चावलं म्हणून कोणी त्याला बर्फात टाकत नाही. आणि हे बघ, गाडीत हीटर लावायचा. मी तुमच्या त्या आकड्यांसाठी गोठणार नाही."

"लावतो," चोइजिल म्हणाला. "पूर्ण लावतो." बाराला आली तरी चालेल, दहाला आली तरी चालेल, हे तो मनात म्हणाला आणि डोळे पुसायला बाहेर गेला. इंजिन आधीच चालू करून ठेवलं, जागेवर, अर्धा तास, जुन्या ट्रकसारखं.

सामान भरताना गोम्बो नेहमीसारखा हसत नव्हता. तो आपल्या बॉनेटशी बराच वेळ काहीतरी करत राहिला. म्हातारीला चोइजिलच्या गाडीत बसवून दार लावणार, तेवढ्यात तो तपकिरी नमदा हातात घेऊन आला.

"आई," तो म्हणाला, "माझाही जरा उसवलाय बघ कडेला."